एवढंच?

मतदान अधिकारी क्रमांक दोनकडे शाईची बाटली असते. आम्हा शिक्षकांमध्ये या जागेला फारशी प्रतिष्ठा नाही. क्रमांक एक यादीत नाव शोधून मोठ्याने पुकारतो, क्रमांक तीन कंट्रोल युनिटचं बटण दाबतो, आणि केंद्राध्यक्षांच्या गळ्यात सगळी पाकिटं, सगळे नमुने आणि दिवसभरात होणाऱ्या सगळ्या चुका. दोन नंबरने काय करायचं? मतदाराच्या डाव्या तर्जनीवर नखापासून पहिल्या पेरापर्यंत रेघ ओढायची, ‘सतरा-ए’च्या नोंदवहीत सही किंवा अंगठा घ्यायचा आणि चिठ्ठी देऊन पुढे पाठवायचं. मी तीन निवडणुकांत हेच काम केलं. दर वेळी महिनाभर माझी स्वतःची बोटं अशी काळी राहिली, की वर्गातली मुलं विचारायची, बाई, तुम्ही किती वेळा मत दिलंत?

एका दिवसात सहा-सातशे माणसांची बोटं हातात घेण्याचा योग दुसऱ्या कुठल्या कामात येत असेल, मला माहीत नाही. काही बोटांवर शाई पसरते, काहींवर थेंबासारखी उभी राहते. कष्टाच्या हातांवर ती भेगांमध्ये शिरते आणि रेघेऐवजी फांद्या फुटल्यासारखं काहीतरी उमटतं. या शाईत सिल्व्हर नायट्रेट असतं, ते कातडीत मुरून उजेडात काळं पडतं. १९६२ च्या निवडणुकीपासून ती वापरात आहे आणि म्हैसूरच्या सरकारी कारखान्यात तयार होते. प्रशिक्षणात हे सगळं सांगतात. बोट धरल्यावर माणूस एक क्षण थांबतो आणि तुमच्याकडे बघतो, हे मात्र सांगत नाहीत.

दुपारी तीनच्या सुमाराला एक आजी आल्या. नातवाने दारापर्यंत आणून सोडलं होतं. सही का अंगठा, असं विचारल्यावर म्हणाल्या, “अंगठाच घे बाई.” रेघ ओढली, चिठ्ठी दिली. पुठ्ठ्याच्या आडोशामागे त्या बराच वेळ होत्या. मग पींऽऽ असा तो लांबलचक आवाज आला. त्या बाहेर आल्या आणि दाराकडे न जाता तिथेच उभ्या राहिल्या.

“झालं?”

“झालं आजी, जा आता.”

“एवढंच?”

तीन नंबरवाले सर हसले. “मग आणखी काय पाहिजे आजी?”

“न्हाई, म्हटलं काही इचारतील.”

आणि त्या गेल्या. मागे रांग होती, मी पुढचं बोट हातात घेतलं. पण ते ‘काही इचारतील’ मला आजतागायत चिकटून बसलंय. सही का अंगठा, एवढा एकच प्रश्न आम्ही त्यांना विचारला होता.

त्यानंतर मी मतदानाकडे जरा वेगळ्या नजरेने बघू लागले. मत नेमकं कोणाला गेलं हे मतदाराला दाखवणाऱ्या व्हीव्हीपॅट यंत्राच्या काचेआड सात सेकंद एक चिठ्ठी दिसते. तिच्यावर उमेदवाराचा अनुक्रमांक, नाव आणि चिन्ह असतं. का दिलं, हे कुठे छापलेलं नसतं. पाण्यासाठी दिलं, जातीसाठी दिलं, समोरचा पडावा म्हणून दिलं, नवऱ्याने सांगितलं म्हणून दिलं, सगळ्यांची चिठ्ठी सारखीच, सगळ्यांचा आवाज सारखाच. रात्री आम्ही ‘टोटल’ दाबतो, ६८४ आकडा येतो, नोंदवहीशी तो जुळला की सुटकेचा श्वास सोडतो आणि मतांच्या हिशेबाचा ‘सतरा-सी’ नमुना भरतो. त्या ६८४ जणांना काय म्हणायचं होतं, हे दुसऱ्या दिवसापासून बाकीचे लोक सांगू लागतात. निवडून आलेला म्हणतो, विकासाला कौल मिळाला. पडलेला म्हणतो, पैसा चालला. टीव्हीवरच्यांकडे आणखी तिसरंच काहीतरी असतं.

‘नोटा’चंही तेच. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मशीनवर ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे बटण आलं, तेव्हा आम्हा बऱ्याच जणांना वाटलं होतं, की आता मतदाराला तोंड फुटलं. २०१९ च्या विधानसभेला लातूर ग्रामीणमध्ये नोटा चक्क दुसऱ्या क्रमांकावर राहिलं, २७ हजारांवर मतं मिळवून. हे लोक कशावर नाराज होते? ज्याने त्याने आपापल्या सोयीचं कारण सांगितलं. नकाराचं बटणसुद्धा मुकंच निघालं.

मराठीने इथे एक गंमत करून ठेवली आहे. आपल्याकडे ‘मत’ हा शब्द एकच आणि क्रियापदं दोन. मत देतात आणि मत मांडतात. दिलेलं मत मोजता येतं. मांडलेलं मत मोजता येत नाही, ते ऐकावं लागतं, आणि ऐकायला समोर कोणीतरी बसलेलं असावं लागतं. आजींना बहुतेक मत मांडायचं होतं. आम्ही ते घेतलं आणि त्यांना मोकळं केलं.

आमच्या शिक्षकखोलीत गणिताचे एक सर आहेत. हा विषय निघाला की ते माझी फिरकी घेतात. त्यांचा युक्तिवाद मला आधी वाटला त्यापेक्षा भक्कम आहे, म्हणून इथे मांडते. ते म्हणतात, “बाई, मी डॉक्टर निवडतो तो ऑपरेशनच्या वेळी शेजारी उभं राहून सूचना द्यायला नाही. माझी दोन मुलं आहेत, आई अंथरुणाला खिळलेली आहे, पेपर तपासायचेत. पाच वर्षांतून एकदा नीट विचार करून मत देतो. नाही पटलं तर पुढच्या वेळी दुसऱ्याला देतो. यालाच प्रतिनिधित्व म्हणतात. रोज उठून सगळ्यांनीच कारभार करायचा असेल, तर प्रतिनिधी कशाला निवडायचे?”

यावर माझ्याकडे बरेच दिवस उत्तर नव्हतं. सुचलं ते फार वरच्या दर्जाचं नव्हतं. डॉक्टर ऑपरेशनच्या आधी सही घेतो, मी म्हटलं. काय कापणार, का कापणार, धोका काय, हे सांगून घेतो. आणि डॉक्टर पाच वर्षं बदलायचाच नाही, अशी अटही नसते. सर हसले आणि पेपरांकडे वळले. पण आई अंथरुणाला खिळलेली आहे, हे त्यांचं कारण तसंच उरलं. त्याला खोडून काढणारं मला काही सापडलेलं नाही.

मतदानाला कमी लेखणाऱ्यांत मी नाही, हेही सांगून टाकते. बोटाचे फोटो टाकणाऱ्यांना हसण्याची एक फॅशन मध्यंतरी आली होती, ती मला आवडली नाही. ज्या देशात पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी, १९५१-५२ मध्ये, सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून वगळावी लागली, त्या देशात बाईने स्वतःच्या नावावर उभं राहून बोट पुढे करणं ही किरकोळ गोष्ट नाही. त्या बायकांनी आपलं नाव सांगितलंच नव्हतं. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढीच ओळख दिली, आणि निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी नोंद चालणार नाही असं ठरवलं. कठोर वाटतं खरं, पण पुढच्या निवडणुकीपर्यंत बहुतेक बायकांनी नावं सांगितली. मतदाराच्या यादीने बाईला नाव सांगायला लावलं. हे काम दुसऱ्या कुठल्या कागदाने त्या काळात एवढ्या मोठ्या प्रमाणावर केलं असेल, असं मला वाटत नाही.

शिवाय मतदानासाठी शासन किती खाली उतरतं बघा. कोणालाही दोन किलोमीटरपेक्षा लांब जावं लागू नये अशा बेताने केंद्रं ठेवतात. गीरच्या जंगलात बाणेजला एका मतदारासाठी केंद्र लागतं. अरुणाचलमधल्या मालोगाममध्ये एका बाईंच्या मतासाठी आमच्यासारखीच एक टीम मशीन घेऊन डोंगर चढत गेली. २०२४ ला ८५ वर्षांवरच्या आणि दिव्यांग मतदारांसाठी मतदान घरी नेलं. कामगाराला त्या दिवशी भरपगारी सुट्टी द्यावी लागते, लोकप्रतिनिधित्व कायद्यातलं कलम १३५ ब तसं सांगतं. त्या वर्षी ६४ कोटींहून जास्त माणसांनी मत दिलं. आपली माणसं मुळातच उदासीन आहेत, असं म्हणणाऱ्याने हा आकडा आधी पचवावा. दार उघडं ठेवलं, वाट सोपी केली, त्या दिवसाचा पगार बुडू दिला नाही, की लोक येतात.

आणि मग मत देऊन झाल्यावर पुढची पाच वर्षं हे शासन पुन्हा आपल्या मंगळवार सकाळी साडेअकराच्या वेळेत परत जातं. या साडेअकराचं पुढे सांगते.

मत मांडण्याची सवय आपल्याकडे मतदानापेक्षा जुनी आहे, हे शाळेत शिकवताना माझ्याच नीट लक्षात आलं नव्हतं. २ एप्रिल १८७० ला पुण्यात सार्वजनिक सभा सुरू झाली, एवढं आम्ही पाठ केलेलं. ती का सुरू झाली? पर्वतीच्या देवस्थानाच्या कारभाराबद्दल लोकांच्या तक्रारी होत्या आणि त्या मांडायला जागा नव्हती. सभेचा सदस्य व्हायचं तर पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणावं लागे. मी कोणाच्या वतीने बोलतोय, हे आधी दाखव आणि मग बोल. कोणालाच मत नव्हतं त्या काळात ही माणसं दारोदार फिरून आपलं प्रतिनिधित्व गोळा करत होती. गणेश वासुदेव जोशी या कामात इतके बुडाले, की लोक त्यांना सार्वजनिक काका म्हणू लागले. पुढे दुष्काळ पडला तेव्हा याच सभेने गावोगावची माहिती जमवून सरकारपुढे ठेवली. आज मतदार यादीत नाव असलेल्या आपल्यापैकी किती जणांना पन्नास शेजाऱ्यांच्या सह्या आणता येतील? मी प्रयत्न केलाय. अकरा मिळाल्या.

याच ओळीत बाबासाहेबांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं भाषण येतं. संविधान स्वीकारण्याच्या आदल्या दिवशी घटना समितीत केलेलं. त्यातला विसंगतीचा भाग सगळ्यांना माहीत असतो, की राजकारणात एक माणूस एक मत आणि सामाजिक, आर्थिक जीवनात मात्र विषमता. त्याच भाषणात त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती जरा अवघड आहे. सनदशीर मार्ग खुले असताना सत्याग्रह, असहकार, कायदेभंग यांना जागा नाही, असं ते म्हणाले. ज्यांनी १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्यावर सत्याग्रह केला, काळाराम मंदिरापुढे माणसं उभी केली, ते हे म्हणत होते. मला यात मागे फिरणं दिसत नाही. दार बंद होतं तेव्हा त्यांनी ते ठोठावलं. आता दार केलंय, तर त्यातून ये-जा करा, असं ते सांगत होते. प्रश्न एवढाच, की ‘सनदशीर मार्ग’ या अनेकवचनी शब्दात आपण काय काय धरतो. नुसतं मतदान धरलं तर मार्ग एकच उरतो, आणि तो पाच वर्षांतून एक दिवस उघडतो.

तोही उघडला नाही तर? मुंबई, पुणे, नागपूर या महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. ओबीसी आरक्षण आणि प्रभाग रचनेचे वाद न्यायालयात गेले, निवडणुका लांबल्या आणि तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकांनी कारभार पाहिला. मुदत संपण्याआधी निवडणूक व्हावी असं संविधान सांगतं. लोकांचं मत इतकी वर्षं थांबलं आणि त्यावर फारसा आवाज झाला नाही. त्या काळात माझ्या नात्यातल्या एका बाईंची अडचण अशी होती, की गटार तुंबल्याचं सांगायचं कोणाला. पूर्वी नगरसेवकाच्या घरी जाऊन भांडता यायचं. त्या म्हणाल्या, “भांडायलाच कोणी नाही गं आता.” राजकीय सहभागाची ही व्याख्या मला कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडली नव्हती.

मत देणं आणि मत मांडणं एकमेकांत कसं मिसळतं, याचं मला ठाऊक असलेलं सर्वांत बोलकं उदाहरण बाटलीचं आहे. महाराष्ट्रात गावातलं किंवा वॉर्डातलं दारूचं दुकान बंद करायचं की नाही, हे बायकांना मतदानाने ठरवता येतं. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवीला मत म्हणजे दुकान बंद. ऐकायला सोपं वाटतं. पण या मतदानापर्यंत पोहोचायलाच आधी किमान २५ टक्के महिला मतदारांनी मागणी करावी लागते. अधिकारी त्या सह्या तपासतात. ही बाई याच वॉर्डातली का, ही सही हिचीच का. आणि नंतरची मेख अशी, की मतदानाला आलेल्यांपैकी निम्म्या बायका पुरत नाहीत. यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीला मत द्यावं लागतं. जी घरी बसली, ती आपोआप उभ्या बाटलीकडे मोजली जाते.

आमदार निवडायला असली अट नाही. तिथे यादीतल्या एक चतुर्थांश लोकांच्या मतांवरही माणूस निवडून येऊ शकतो. दुकान बंद करायला मात्र निम्मं गाव हवं! अन्याय आहे, मी मान्य करते. पण या अन्यायाने एक केलं. बायकांना एकमेकींच्या दारात जावं लागलं. मेलेल्यांची आणि लग्न होऊन गेलेल्यांची नावं यादीतून काढण्यासाठी अर्ज द्यावे लागले, कारण ती नावं राहिली की टक्का चढतो. मतदार यादी वाचायची असते, हे त्यांना कळलं. अशा एका मोहिमेतल्या बाईंशी मी एकदा एसटीत बोलले होते. त्यांचं मतदान हरलं होतं, थोडक्यात. “पण आता नवरा पिऊन आला की शेजारीण दार वाजवते,” त्या म्हणाल्या. “आधी वाजवत नव्हती.”

आता साडेअकरा.

आमच्या भागात एक मैदान आहे. विकास आराखड्यात त्यावर क्रीडांगणाचं आरक्षण आहे. एके दिवशी वर्तमानपत्रात, निविदा आणि नाव-बदलाच्या जाहिरातींच्या मध्ये, मुंगीच्या अक्षरात एक सूचना आली. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६, कलम ३७, फेरबदलाचा प्रस्ताव, तीस दिवसांत हरकती व सूचना. सर्व्हे नंबर वाचूनसुद्धा मला कळलं नाही. एका विद्यार्थ्याचे वडील तलाठी, त्यांनी सांगितलं, “बाई, हे तुमचं मैदान आहे. अर्धं रहिवास विभागात टाकतायत.”

‘हरकती व सूचना’ हे शब्द मी आयुष्यभर वाचत आले होते आणि ते आपल्यासाठी असतात, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. वास्तविक त्यात मोठी ताकद आहे. मुंबईचा २०१४-३४ चा विकास आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यातल्या चुकांवर हजारो हरकती आल्या आणि एप्रिलमध्ये तो मसुदा बाजूला ठेवून दुरुस्त करण्याचा आदेश सरकारला द्यावा लागला. त्यासाठी कुठलीही निवडणूक झाली नव्हती. लोकांनी नकाशे उघडून आपापली इमारत, आपापला रस्ता शोधला आणि अर्ज लिहिले.

मीही लिहिला. अकरा सह्या घेतल्या, त्या वर सांगितल्याच. अर्जात काय लिहावं यावर बराच विचार केला आणि ‘परिसरातील ज्येष्ठ नागरिकांना सकाळ-संध्याकाळ मोकळ्या हवेत फिरण्यासाठी एकमेव जागा’ असं वाक्य घातलं. हे वाक्य वजनदार वाटेल, असा माझा होरा होता. प्रत्यक्षात त्या मैदानावर ज्येष्ठ नागरिक तासभर असतात आणि उरलेला सगळा दिवस पलीकडच्या वस्तीतली मुलं. एका टोकाला क्रिकेट, दुसऱ्या टोकाला त्यांच्याहून लहानांचं क्रिकेट. त्यांच्याबद्दल माझ्या अर्जात एक अक्षर नव्हतं.

सुनावणीचं पत्र आलं, मंगळवार, सकाळी साडेअकरा. मी अर्धी किरकोळ रजा टाकली. कार्यालयाबाहेरच्या बाकांवर आम्ही सतरा-अठरा जण होतो. मी सोडले तर नोकरी करणारं कोणी नव्हतं. एक निवृत्त अभियंता, पिशवीत रंगीत नकाशे घेऊन. एका सोसायटीचे सचिव. एक वकील, ते स्वतःसाठी आले होते का कोणाच्या वतीने, ते कळलं नाही. बाकी सगळे पेन्शनर, वहीत मुद्दे काढून आलेले. वस्तीतलं कोणी नव्हतं. त्या वेळी तिथले बाप कामावर असतात आणि आया आमच्यासारख्यांच्या घरी भांडी घासत असतात. भरपगारी सुट्टीचा कायदा सुनावणीला लागू नाही.

आत प्रत्येकाला तीन-चार मिनिटं. अधिकारी सभ्य होते, हे सांगायलाच हवं. “लेखी आलंय तुमचं. त्यापलीकडे काही?” असं ते प्रत्येकाला विचारत. काही इचारतील, म्हणाल्या होत्या आजी. इथे विचारत होते. आणि काय उत्तरं येत होती, ते मी माझा नंबर येईपर्यंत ऐकलं. मैदान राहिलंच पाहिजे, यावर सगळे ठाम. त्याला जोडून, कुंपण घाला. फाटक लावा. बाहेरची मुलं येतात, शिव्या देतात, गाड्यांच्या काचा फुटतात. वेळा ठरवून द्या. ‘बाहेरची मुलं’ हा शब्द मी पाच वेळा मोजला. मैदानाच्या भिंतीला भिंत लागून ज्यांची घरं आहेत, त्यांना आम्ही बाहेरचं म्हणत होतो.

माझा नंबर आला तेव्हा मी हे बोलायला हवं होतं. मी ज्येष्ठ नागरिकांचं वाक्य वाचून दाखवलं आणि आभार मानून बाहेर आले.

सात-आठ महिन्यांनी कळलं, प्रस्ताव मागे घेतला. मैदान वाचलं. आमच्या भागात पेढे वाटले, एका पेन्शनर काकांचा सत्कार झाला. त्यानंतर कुंपण आलं. फाटकावर पाटी लागली, सकाळी दहा ते दुपारी चार बंद. मुलं आता कुंपणावरून उड्या मारून आत जातात आणि रखवालदार दिसला की उड्या मारून बाहेर येतात. एकाचा पाय तारेत अडकून फाटला, तो माझ्याच वर्गातला. पट्टी बांधताना मी त्याला काही विचारलं नाही.

मतदान पुरेसं नाही, हे मी आजही म्हणेन. फक्त आता ते म्हणताना माझा आवाज थोडा खाली येतो. मतदानाच्या रांगेत ती मुलांची आई आणि तो वकील एकामागे एक उभे असतात आणि मशीनला दोघांचा आवाज सारखाच येतो. सुनावणीच्या बाकावर ती नव्हतीच. मतदानाच्या पलीकडचा सगळा सहभाग ज्याला वेळ आहे, अक्षर आहे, रजा आहे, त्याच्या बाजूला झुकतो. आम्ही अठरा जणांनी भाग घेतला, आणि त्याचा काच ज्यांना मतदानापलीकडे काही जमत नाही त्यांनाच झाला. गणिताच्या सरांची आई अंथरुणाला खिळलेली आहे, हा मुद्दा मला खोडता आला नव्हता, तो का, हे मला त्या फाटकापाशी कळलं.

ग्रामसभेतही हेच होतं. कायद्याने ती वर्षातून चारदा भरली पाहिजे, गणपूर्ती शंभर किंवा पंधरा टक्के मतदार, यातली कमी असेल ती. माणसं जमली नाहीत की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. म्हणजे लोक आले नाहीत तर काम अडत नाही, उलट सुरळीत होतं. याला छेद देणारं गाव म्हणून गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) चं नाव आपण घेतो. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.’ २००९ मध्ये त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतः देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. त्या गावात निर्णय हात वर करून होत नाही. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलत राहतात, आज नाही झालं तर पुढच्या बैठकीत. सगळ्या घरांना जमेल तेव्हा बसतात. पाचशे वस्तीच्या गावाला जे जमतं, ते पन्नास हजारांच्या प्रभागाला जसंच्या तसं जमणार नाही, हे कळतं मला. ‘सगळ्या घरांना जमेल तेव्हा’ एवढं मात्र उचलता येण्यासारखं आहे.

गेल्या महिन्यात पुन्हा एक सूचना आली, या वेळी रस्ता रुंदीकरणाची. रेघ वस्तीच्या कडेवरून जाते. मी पुन्हा अर्ज लिहिला. या वेळी त्यात एकच मागणी होती, की सुनावणी रविवारी आणि वस्तीतल्या समाजमंदिरात घ्यावी. सह्या सदतीस झाल्या, त्यातले एकोणीस अंगठे. अंगठे मी घेतले, शाळेतल्या स्टॅम्प पॅडवर. सवयीने डावा हात धरत होते. एक बाई म्हणाली, “रविवारी ठेवलं तर मी बोलेन. माझं बोलायचं हाय.” मी विचारलं, काय बोलायचंय? तिने मला सगळं सांगितलं, जवळजवळ अर्धा तास.

आवक-जावक खिडकीवरच्या क्लार्कने अर्ज उलटसुलट करून बघितला.

“रविवारी सुनावणी?” तो म्हणाला. “रविवारी कोण येणार मॅडम?”

“तुम्ही पोच द्या,” मी म्हटलं.

त्याने शिक्का मारला, आवक क्रमांक टाकला, आणि मागच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला अर्ज दाखवून काहीतरी म्हणाला. ते दोघं हसले. अजून उत्तर आलेलं नाही. हरकतींची मुदत संपायला नऊ दिवस आहेत.